सुतकातला चेहरा

मिरजेच्या नोंदणी कार्यालयात आता नातं तोंडी सांगून चालत नसे; त्याचा फोटो काढत. त्याला सहवासचित्र म्हणत. सदानंद त्या फोटोसाठी खुर्चीत बसला तेव्हा त्याच्या डोक्यावर नुकते कुठे खुंट फुटत होते.

तेवीस वर्षं त्याच्याबरोबर संसार केलेला मुरलीधर वारला होता. अस्थी कार्यालयाच्या कपाटात होत्या आणि मुरलीधरच्या थोरल्या भावानेही त्या मागितल्या होत्या. ज्याच्या चेहऱ्यावर मुरलीधर दिसेल, त्याला त्या मिळणार होत्या.

डॉ. शिरीन इनामदारांनी त्याला समजावलं. माणसाच्या कातडीवर कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात. एका घरात वर्षानुवर्षं राहणाऱ्यांचे हे जीव एकसारखे होत जातात आणि खास प्रकाशात एकाच रंगात चमकतात. मुरलीधरचं चित्र इस्पितळात काढलेलं होतं: निळं, कडेला तांबूस.

यंत्र मुरलीधरच्याच रंगाचे जीव तेवढे दाखवी, बाकी सगळं काळं. भावाचा चेहरा काळा आला. सदानंदचाही काळाच.

"दहाव्याला काय केलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

सदानंदने डोकं, मिशी उतरवली होती. मुरलीधरच्या आजारपणातलं जंतुनाशक उरलं होतं, त्याने अंग घासून काढलं होतं. भावाने यातलं काहीच केलं नव्हतं. असल्या माणसाचं सुतक लागत नाही, असं तो म्हणाला होता.

मागे बाकावर सदानंदच्या घरातली माणसं बसली होती: तृतीयपंथी चंदाक्का, आणि एकमेकींशी संसार मांडलेल्या नसीमा आणि रेवती. बारा वर्षं सगळ्यांचं एकत्र जेवण. चंदाक्का उठली. डॉक्टर म्हणाल्या, नियमाने एकेकाचाच फोटो.

"घरचा फोटो एकट्याचा असतो का बाई? सरक रे टकल्या."

चित्र आलं. तिघी निळ्या, कडेला तांबूस. मधोमध सदानंद, काळा. यंत्राने निर्णय छापला: सर्वांत जवळची नातलग, चंदाक्का. सदानंदपुढे लिहिलं होतं, परका.

"बघा," भाऊ म्हणाला आणि निघून गेला.

चंदाक्काने सही केली आणि कलश सदानंदच्या मांडीवर ठेवला. डॉक्टर हळूच म्हणाल्या, या तिघींच्या सहवासात दोन महिन्यांत रंग परत येईल. नवा फोटो काढू, नोंद बदलू.

"आणि तोवर मी त्याचा कोण?"

डॉक्टरांनी नव्या फोटोचा अर्ज पुढे सरकवला.

"नवा नको," सदानंद म्हणाला. "हाच मोठा करून द्या. दारावर लावतो. त्याचं सुतक कुणी पाळलं, ते यात दिसतंय."