फक्कीची वर्तुळं

रोपं उपाशी होती आणि त्यांच्या मुळाशी जेवण वाढलेलं होतं. आता याला काय म्हणायचं?

चिखलदऱ्याच्या डोंगरावर डॉक्टर भास्कर टाले यांचा कॉफीचा प्रयोगमळा होता, आणि गेले काही आठवडे तिथे हेच कोडं पडलं होतं. कॉफीच्या रोपांची शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडत होती. पिवळी म्हणजे तरी कशी? शिरा हिरव्यागार आणि शिरांमधली जागा पिकल्या लिंबासारखी. खालची जुनी पानं मात्र खुशाल हिरवी. टाले यांचं सगळं आयुष्य मातीच्या अभ्यासात गेलेलं. त्यांनी पान उलटसुलट करून पाहिलं आणि निकाल दिला, "लोह कमी पडतंय."

लोह म्हणजे आपलं लोखंडच. पानात हरितद्रव्य (पानाला हिरवा रंग देणारा आणि उन्हाच्या मदतीने झाडाचं अन्न शिजवणारा पदार्थ) तयार व्हायला झाडाला ते चिमूटभर का होईना, लागतंच. एकदा एका पानात पोहोचलेलं लोह झाडाला सहसा तिथून हलवता येत नाही. म्हणून ते कमी पडलं की जुन्या पानांचं काही बिघडत नाही, नवी तेवढी पिवळी निघतात.

इथवर सगळं ठीक होतं. पण ढेकळ्या म्हणत होता, "मातीत लोह भरपूर आहे."

ढेकळ्या म्हणजे मळ्यातला यंत्रमानव. बुटका, सहा चाकांचा. पोटातली सळई मातीत खुपसायची आणि तिथे काय आहे, काय नाही ते सांगायचं, हे त्याचं काम. मातीत लोळून लोळून तो मातीच्याच रंगाचा झाला होता, म्हणून टाल्यांच्या नातीनं, ऋजुतानं, त्याचं हे नाव ठेवलं आणि त्याच्या पाठीवर रंगवूनही टाकलं. ऋजुता सातवीत होती. आईबाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर नोकरीला, त्यामुळे ती आजोबांकडे राहायची. आजोबांना ती वऱ्हाडात म्हणतात तसं आबाजी म्हणायची. दिवसभर आबाजी रोपांत गुंतलेले. मग शाळेतून आल्यावर बोलायला उरायचा तो ढेकळ्या.

आबाजींनी रोपांना हिराकस (पाण्यात विरघळणारं लोहाचं खत) घातलं. रोपं पिवळीच. पुन्हा घातलं, तर आणखी पिवळी. ढेकळ्याचं पालुपद काही बदलेना.

ही रोपं साधीसुधी नव्हती. उन्हाळे दर वर्षी जास्तच तापू लागले होते आणि त्या तापात तग धरणारं कॉफीचं एकच जुनं झाड मळ्यात होतं. गेल्या वादळात ते उन्मळून पडलं. त्याच्या बियांतून उगवलेली ही शेवटची रोपं. आबाजींना घास गोड लागेना. अशा वेळी माणसाला राग काढायला कुणीतरी हवंच असतं, आणि जो उलटून बोलत नाही तो आयताच सापडतो.

"याचा सेन्सर गेला," आबाजी म्हणाले. "कंपनीला कळवलंय. सोमवारी गाडी येईल. याच्या डोक्यातलं सगळं पुसतील नि नवं भरतील."

"सगळं?" ऋजुतानं विचारलं.

"सगळं म्हणजे सगळं. तुला काऊन वाईट वाटतंय? यंत्र आहे ते, पोरी."

ऋजुतानं ढेकळ्याकडे पाहिलं. पाढे चुकले की सावकाश चाकं वळवून 'पुन्हा' म्हणणारा ढेकळ्या तिला ओळखणारसुद्धा नव्हता.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. दर शनिवारी मळ्यावर शाळांच्या सहली यायच्या. आणि पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्याकडे काय करतात ते तुम्हांला ठाऊक आहे. सडा घालतात, विटांना गेरू फासतात आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना फक्की (चुन्याची पांढरी भुकटी) टाकून सरळ रेघा मारतात. ऋजुता नुसत्या रेघांवर थांबली नाही. तिनं डब्याच्या बुडाला भोकं पाडली आणि प्रत्येक रोपाभोवती पांढरंशुभ्र वर्तुळ काढलं. पावसानं आणि फवाऱ्यानं ते वाहून मातीत जिरायचं, की शुक्रवारी ही पुन्हा डबा घेऊन हजर. बाई कौतुक करायच्या, मुलं फोटो काढायची, आबाजींची छाती फुगायची. सगळा पावसाळा हे चाललं होतं.

रविवारी दुपारी आबाजी डुलकी घेत असताना ऋजुता ढेकळ्याजवळ गेली. "खरं सांग, तू चुकतोयस ना? चुकलो म्हण. आबाजी तुला इथेच दुरुस्त करतील."

"मी चुकत नाही," ढेकळ्या म्हणाला. "दोन पेले आण. दोन्हींत हिराकसाचं पाणी घे. एकाला हात लावू नकोस. दुसऱ्यात तुझ्या डब्यातली चिमूट टाक."

"फक्की? ती कशाला?"

"टाकून बघ."

तिनं टाकली. स्वच्छ, फिकट हिरवं पाणी एकदम गढूळ झालं. थोड्या वेळानं गढूळपणा तांबूस होत गेला आणि गंजासारखा गाळ तळाशी बसू लागला. पहिला पेला होता तसाच होता.

"लोह गेलं कुठे?" ढेकळ्यानं विचारलं.

"गाळात."

"म्हणजे पेल्यात आहे?"

"आहे."

"पाण्यात आहे?"

ऋजुतानं पेला डोळ्यांजवळ नेला. पाण्यात नव्हतं.

"झाडाला दात नसतात," ढेकळ्या सांगू लागला. "ते चावत नाही, पितं. पाण्यात विरघळेल तेवढंच त्याच्या मुळांना घेता येतं. आता सामू समजून घे. सामू म्हणजे माती किती आंबट आहे ते सांगणारा आकडा. सात म्हणजे मधला. सातच्या खाली आंबट, म्हणजे आम्ल. सातच्या वर चुन्याच्या बाजूची, म्हणजे अल्क. कॉफीला थोडी आंबट माती लागते, सामू सहाच्या आसपास. तशा मातीत लोह थोडं थोडं विरघळत राहतं. चुना पडला की सामू चढतो आणि लोहाचा असा गाळ होतो. माती फार आंबट झाली तर शेतकरी मोजूनमापून चुना घालतातही. इथली माती तशी नव्हती. वर्तुळांखाली सामू आता आठच्या वर आहे."

म्हणून आबाजींचं हिराकसही वाया जात होतं. ते जमिनीत पडत होतं आणि जागच्या जागी गंजत होतं. ऋजुतानं आपल्या बोटांकडे पाहिलं. ती पांढरी झाली होती.

"मग हे तू आबाजींना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. सामू वाढला की मी घंटा वाजवतो. रोज वाजायला लागली म्हणून त्यांनी ती बंद केली. नंतर त्यांनी फक्त लोहाचं विचारलं. मी लोहाचं सांगितलं."

आता तुम्ही म्हणाल, ऋजुता धावत आबाजींकडे गेली असेल. नाही गेली. तिनं खराटा घेतला आणि वर्तुळं झाडून टाकायला सुरुवात केली. शरमेनं तिचे कान तापले होते. कुणाला कळायच्या आत सगळं पांढरं नाहीसं व्हावं, एवढंच तिला सुचत होतं. रोपं सुधारतील, कुणी विचारणार नाही. आणि ढेकळ्या? त्या विचाराशी आली की ती खराटा आणखी जोरात मारायची.

"वा, साफसफाई चाललीय," मागून आबाजी म्हणाले. "नवी वर्तुळं काढायची का?"

तिनं मान डोलावली. तोंडातून ब्रसुद्धा न काढता ती खोटं बोलली होती. ढेकळ्या शेजारीच उभा होता. त्यालाही आबाजींनी काही विचारलं नाही, म्हणून तोही काही बोलला नाही.

"बरं, एक काम कर," आबाजींनी तिच्या हातात पत्र्याची पट्टी दिली. "त्याच्या पाठीवरचं ते नाव खरवडून टाक. उद्या कंपनीची माणसं हसतील."

ऋजुता ढेकळ्याच्या मागे बसली. तिनं 'ढे' खरवडला. रंगाचे पापुद्रे तिच्या मांडीवर पडले. ढेकळ्या हलला नाही. उलट तिचा हात नीट पोहोचावा म्हणून तो थोडा खाली वाकला. तेव्हा मात्र तिच्यानं राहवेना.

"तो चुकला नाही, आबाजी. मी रोपं मारली. मला दुपारीच कळलं आणि मी लपवत होते."

रडत रडत तिनं सगळं सांगितलं आणि पेले दाखवले. आता बोलणी बसणार म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. पण आबाजी गाळाचा पेला हातात धरून बांधावर बसले. त्यांनी पेला हलवला आणि तांबूस गाळ वर येताना पाहिला.

"तुला चुन्याचं ठाऊक नव्हतं, बाळा. मला ठाऊक होतं. मी रोज ती वर्तुळं पाहत होतो. पाहुण्यांना दाखवत होतो. आणि याची घंटा बंद केली ती मीच." त्यांनी ढेकळ्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. "जन्मभर लोकांना सांगत आलो, आधी माती तपासा. काय तोंडानं सांगत होतो?"

त्यांनी तिथूनच फोन करून गाडी नको म्हणून कळवलं. मग ढेकळ्यासमोर उभं राहून घसा खाकरला. "ढेकळ्या, माझं चुकलं बाप्पा. माफ कर."

"माफ करणे हे काम मला येत नाही," ढेकळ्या म्हणाला. "वरची माती काढायची का? ते येतं."

दुसऱ्या दिवसापासून तिघं कामाला लागले. मुळांना धक्का न लावता त्यांनी चुनकट माती खरवडून काढली. तिच्या जागी पालापाचोळ्याचं कुजलेलं खत आलं आणि त्यात थोडंसं गंधक मिसळलं. मातीतले सूक्ष्मजीव ते सावकाश पचवून माती पुन्हा आंबट करणार होते. त्याला महिने लागतात. तोवर रोपांनी काय खायचं? म्हणून आबाजींनी लोहाचं अगदी पातळ पाणी थेट पानांवर फवारलं. सामूची घंटा पुन्हा सुरू झाली. ती वाजली की आबाजी हातातलं काम टाकून उठायचे.

शनिवारी सहल आली. वर्तुळं नव्हती, वाफे उकरलेले, रोपं अजून पिवळट. एखाददुसऱ्या शेंड्यावर हिरवी झाक दिसू लागली होती, पण ती दाखवावी तेव्हाच दिसायची. माहिती सांगायला आबाजींनी ऋजुताला पुढे केलं. तिनं पेल्यांचा प्रयोग करून दाखवला आणि शेवटी म्हणाली, "हा चुना मी टाकला होता. कळल्यावरसुद्धा मी आधी लपवलं."

पुढे बसलेल्या एका लहान मुलीनं विचारलं, "ताई, लगेच का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली गं."

"आता वाटते?"

"वाटते," ऋजुता म्हणाली. "पण आता सांगता येतं."

मुलं खाऊच्या डब्यांकडे पळाली. ती मुलगी मात्र तिथेच घुटमळत राहिली. तिनं फ्रॉकचं टोक मुठीत धरलं होतं.

"आमच्या शाळेत गुलाब आहेत," ती अगदी हळू म्हणाली. "त्यांची पानं पण अशीच झालीत. बाई माळीकाकांना रागावतात. पण फक्की मी टाकते."

ऋजुता खाली बसली आणि तिनं तिचा हात धरला.

"चल," ती म्हणाली, "बाईंना आपण दोघी मिळून सांगू."