वधूवर केंद्राचा मुका फोन

वाचकहो, भोपाळच्या बरखेडा या कारखान्याच्या वसाहतीतील एका फोनची वाचा कोणी व कशी हिरावली, याचा सत्यशोध येथे सादर करण्यात येत आहे. गुन्हेगाराचे नाव शेवटी येईल. परंतु त्याच्याकडे बोट दाखविणारा शब्द तत्पूर्वीच आपल्या नजरेखालून गेलेला असेल. म्हणून सावधपणे वाचावे.

सोमवारी सकाळी दहा वाजता शालिनीताई देशकरांनी महाराष्ट्र मंडळातील आपली खोली उघडली. टेबलावरील इंटरनेट फोन मुका होता. त्यांनी मोबाईलवरून तोच क्रमांक लावला. उत्तर आले, "हा क्रमांक अस्तित्वात नाही."

त्या क्रमांकावर नऊ वर्षे त्यांचे वधूवर केंद्र चालले होते. नागपूर, अमरावती, यवतमाळच्या घरोघरी तोच लिहिलेला होता.

तासाभरात सुधाकरराव पोहनकर आले. कारखान्याच्या टेलिफोन एक्सचेंजमधून ते निवृत्त झालेले. त्यांनी कंपनीकडून कारण मागविले. मोबाईलवर एका पत्राची प्रत आली. मंडळाच्या छापील कागदावर टंकलिखित मजकूर होता :

"प्रकृतीमुळे फोनला वेळ देता येत नाही. सबब सदर क्रमांक बंद करण्यास माझी अनापत्ती आहे. — शालिनी देशकर."

"सही माझ्यासारखीच आहे," शालिनीताई म्हणाल्या, "पण पत्र माझं नाही."

कंपनीने बजावले की सायंकाळी सहापर्यंत पत्र खोटे ठरले नाही, तर क्रमांक कायमचा जाईल.

मंडळाचे सचिव नीळकंठराव खानझोडे दारात येऊन उभे राहिले. चौतीस वर्षे राज्य शासनाच्या दफ्तरात त्यांनी पत्रे लिहिली होती.

"ताई, वय झालं आता. लिहिलं असेल आणि विसरला असाल."

"एकशे बारा लग्नं जुळवली मी. एकाही नवऱ्या मुलाचं गोत्र विसरले नाही. पत्र कशी विसरीन?"

"मग त्या समीरला विचारा. फोन त्यानेच बसवला. म्हणून मी म्हणत होतो, फोनची कंपनी माझ्या पुतण्याची घ्या. आज चारच्या सभेत हेच मांडणार आहे."

फोन कंपनीचा माणूस समीर मिसरोद उपनगरातून धावत आला. जन्म भोपाळचा, शाळा हिंदी.

"मंडळाचा कोरा कागद तुझ्याजवळ होता?" सुधाकररावांनी विचारले.

"हो काका, पत्त्याच्या पुराव्यासाठी घेतला होता. पण कसम से, मी नाही केलं!"

"'कसम से' म्हणे!" नीळकंठराव हसले. "शपथ म्हण, शपथ. मराठी आईचा मुलगा ना तू?"

सुधाकररावांनी समीरची फोन बसवितानाची चिठ्ठी पाहिली : "निलकंठ सरांच्या सामने चालू केला. वेल ११ बजे." ती त्यांनी घडी करून खिशात ठेवली.

चार वाजता सभा भरली. सुधाकररावांनी तिघांपुढे कागद ठेवले.

"शनिवारी कोणी लग्नासाठी सभागृह मागितलं, तर तुमची ना नाही, असं एका ओळीत लिहा. आपापल्या शब्दांत."

"ही काय शाळा आहे?" नीळकंठराव कुरकुरले; पण सर्वांसमक्ष लिहिते झाले.

सुधाकररावांनी ओळी मोठ्याने वाचल्या. शालिनीताई : "सभागृह देण्यास माझी हरकत नाही." समीर : "हॉल द्या, मला काही प्रॉब्लेम नाही, फक्त वेल सांगा." नीळकंठराव : "सभागृह देण्यास माझी अनापत्ती आहे."

त्यांनी मोबाईलवरील पत्र त्या शेवटच्या ओळीशेजारी धरले.

"खोट्या पत्रात 'वेळ' बरोबर लिहिलं आहे," सुधाकरराव म्हणाले. "समीरच्या हातून 'ळ' निघतच नाही. ताई नागपूरच्या शाळेत शिकल्या. त्या 'हरकत' लिहितात. पत्र लिहिणारा मराठी शाळेत शिकलेला, पण लेखणी हिंदी दफ्तरात घडलेली. 'अनापत्ती' हा तिथला शब्द. आपल्या मराठीत 'ना हरकत' म्हणतात. मराठीवरून साऱ्यांना टोकणाऱ्या नीळकंठरावांना स्वतःचा शब्द परका वाटलाच नाही. सही त्यांनी मंडळाच्या हजेरीपुस्तकातून उतरवली."

नीळकंठरावांचा चेहरा उतरला. "फोन दोन-चार दिवस बंद राहिला असता, म्हणजे पुतण्याची कंपनी सर्वांना पटली असती. क्रमांक कायमचा जाईल, हे मला ठाऊक नव्हतं."

शालिनीताई उठल्या. "माझ्या म्हातारपणाची सही केलीत तुम्ही. आता खरी स्वतःची करा. 'पत्र मी लिहिलं', असं लिहा. मराठीत."

नीळकंठरावांनी तसे लिहिले. समीरने पावणेसहाला तो कागद कंपनीकडे पाठविला.

"तुझी कंपनीही सुटली नाही," ताईंनी समीरला सुनावले. "क्रमांक बंद करण्याआधी मला एक फोन करता आला नाही? जी कंपनी आधी मालकाला विचारील, तीच इथं राहील. तसं लेखी आण. नाही तर तुलाही रजा."

"आणतो, काकू."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला फोन खणखणला. अमरावतीहून कोणी दबक्या आवाजात विचारत होते, मुलगी घटस्फोटित आहे, नाव नोंदवले तर चालेल का?

शालिनीताई ताठ बसल्या.

"नोंदवा. इथं कुणाची हरकत चालत नाही."

ही हकीकत धीराने वाचल्याबद्दल सर्व वाचकांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

— प्रभाकर बाळाजी ढोक, आनंद नगर, भोपाळ