मागचं उजवं फुटरेस्ट

पंक्चर काढाले येता अन् बसता नेमसिंगच्या गाडीचं विचारत. म्हणे, लखीरामकाका, सांगा ना. माझी कामं कोण करन, तुमचा बाप? बरं, बसा. एकदाच सांगतो. मधात बोलाचं नाही.

नेमसिंग आमच्याच तांड्याचा, घाटंजीजवळचा. मागच्या साली तो अन् त्याचा दोस्त संजय मोटरसायकलवर लडाखले गेलते. संजयच्या गाडीचं इंजिन रस्त्यातच बसलं, म्हणून दोघं नेमसिंगच्या गाडीवर. तिकडं वर हवा पातळ. पेट्रोल येते तेवढंच येते, पण ते जळाले हवा पुरत नाही. मग गाडी काळा धूर ओकते, प्लगवर काजळी धरते, पहिल्या गेअरमध्येही कण्हते. माणसाचंही तसंच. संजयले दम लागे, म्हणून तो कापराची पुडी हुंगत बसे.

शेवटच्या चढावर गाडी डबलसीट निघेचना. पुढचं नेमसिंगनं सगळ्याइले असं सांगितलं, की संजय आपल्या मनानं उतरला, म्हणाला तू हो पुढं, मी येतो चालत. नेमसिंग वर खिंडीत जाऊन थांबला. संजय आलाच नाही. वळणावरच्या दगडाले टेकून बसलेला सापडला, मुठीत कापराची पुडी. त्याच्या मायनं, हंसाबाईनं, नेमसिंगच्या डोक्यावरून हात फिरवला. माझं पोरगं शेवटपर्यंत दुसऱ्याचंच पाहे, म्हणाली. नेमसिंग खाली मान घालून उभा राह्यला.

गाडी ट्रकनं परत आली. कार्ब्युरेटर मी धुतला, प्लग नवा टाकला, यवतमाळपर्यंत चालवून पाह्यली. काही खोट नव्हती.

यंदाच्या मे महिन्यात बबिताच्या, म्हणजे नेमसिंगच्या बायकोच्या, बहिणीकडं कळंबले नव्या घराचं वास्तुक होतं. दोघं सकाळीच निघाले. बबिता साडीवर, म्हणून दोन्ही पाय डावीकडं टाकून बसली. मागचं उजवं फुटरेस्ट नेमसिंगनं पायानं दुमडून घेतलं.

यवतमाळ मागं पडलं. सपाट रस्ता, ऊन असं की डांबर पाघळून राह्यलं होतं. अन् गाडी दबली. त्याले वाटलं, पेट्रोलात कचरा आला असंन. चौथ्यावरून तिसऱ्यावर, दुसऱ्यावर, मग पहिल्यावर. मूठ पूर्ण पिळलेली, तरी गाडी पायी माणसाच्या चालीनं. आरशात पाह्यलं, तर मागं काळा धूर. हे कण्हणं त्यानं एकाच जागी ऐकलं होतं. मग वास आला. कापराचा.

"तू कापूर घेतला काय संगं?"

खांद्यावरचा बबिताचा हात त्या उन्हात बर्फासारखा लागला.

"अहो... जरा पुढं सरका ना... मागून दाबून राह्यले मले..."

मागं कोणी नव्हतं. त्यानं गाडी थांबवून मान वळवली. बबिताचे ओठ जांभळे पडले होते. तोंड उघडं टाकून ती श्वास ओढत होती. नेमसिंगकडं पाहे, पण त्या पाहण्यात ओळख नव्हती.

"नेम्या... उतरवू नको रे मले. पाय उचलत नाहीत... तू वर थांबशीन, पण मी काही पोचत नाही..."

बबितानं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. अन् त्याले नेम्या म्हणणारा जगात एकच होता.

आता पुढचं नेमसिंगनंच मले सांगितलं, रडत सांगितलं. त्यानं बायकोले दंडाले धरून खाली ओढलं. चालत ये, म्हणाला. अन् गेला. गाडी मोकळी होऊन वाऱ्यासारखी पळाली. पुढच्या वळणावर त्याले कळलं, आपण काय केलं ते. तसाच फिरला.

बबिता मैलाच्या दगडाले टेकून बसली होती. जिती होती. रसवंतीवाल्यानं तोंडावर पाणी मारलं, तेव्हा डोळे उघडले. तिले काहीच आठवत नव्हतं. एवढंच म्हणाली, "मले उन्हात टाकून काहून गेलते तुमी?"

मग नेमसिंगची नजर गाडीवर गेली. दुमडलेलं उजवं फुटरेस्ट उघडून खाली आलं होतं. त्यावर ओला चिखल, अन् चिखलात विरघळत चाललेला बर्फ.

त्याच सांजेले गाडी माझ्या दुकानात आणली. मी म्हटलं, "बाबू, हंसाबाईकडं जा. खरं काय ते तिले सांग." तशी त्याची रड थांबली. साऱ्या तांड्यादेखत माझ्यावर ओरडला, या म्हाताऱ्यानं कार्ब्युरेटर बिघडवला अन् आता भुताचं नाव करते. चाबी फेकून गेला. हंसाबाई अजून त्याच्या पोराइले खाऊ देते.

गाडी ती काय, त्या कोपऱ्यात. मी रोज दुकान बंद करताना ते फुटरेस्ट दुमडतो. रोज सकाळी ते खाली असते, अन् ओलं. हात लावून पाहा, आजचं वाळलं नसंन. अन् हा वास माझ्या दुकानातला नाही, मी कापूर ठेवत नाही.

तो बसणारा कोणाची वाट पाहून राह्यला, ते मले मालूम आहे. मीही त्याचीच पाहतो. माझी माफी मागाची राह्यली ना अजून, त्या नेमसिंगनं.