पोटभर देतो, साहेब

जेवणं झाली ना सगळ्यांची? मग बसा. ज्याचं राहिलंय त्यानं आधी जेवून या, नंतर घास उतरणार नाही. आणि लाइट गेली म्हणून ते मोबाइलचे दिवे एकमेकांच्या तोंडावर मारू नका रे, माणसं प्रेतासारखी दिसतात. बंद करा. हां, असं.

गोष्ट टेस्टरची. आमच्या वीज ऑफिसातला फिटर. शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर लावलेला, लग्नाच्या फोटोतसुद्धा, म्हणून टेस्टर. थापा मारणाऱ्यांतला नव्हता. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना दोनदा उठून मोरीकडे गेला.

जानेवारीतला तिसरा शुक्रवार, अमावास्या. दुपारी साहेबांनी त्याला बोलावलं. "गावाबाहेरच्या गॅस प्लांटवर जाऊन ये. मालक लबाड आहे. डिझेल जाळतो आणि कचऱ्याची वीज म्हणून आपल्या गळ्यात मारतो. ड्रम सापडला की फोटो काढ."

आता हे तुम्हा पोरांना समजावून सांगायला हवं. गावात घरोघरी छपरावर सोलर बसलं होतं, माळावर सोलरची रांगच्या रांग उभी होती. दिवसा वीज उतू जायची. पण सूर्य काही ओव्हरटाइम करत नाही. गेला की गेला! आणि नेमकी तेव्हाच माणसं घरी येतात, दिवे, गिझर, टीव्ही, सगळं एकदम चालू करतात. तो खड्डा भरायला हा प्लांट होता. मंडईतला कुजका भाजीपाला, हॉटेलांतलं खरकटं, कत्तलखान्यातली आतडी, सगळं एका भल्या मोठ्या बंद टाकीत कोंबायचं आणि कुजू द्यायचं. त्याचा गॅस, गॅसवर इंजिन, इंजिनाची वीज लाइनीत. रोज संध्याकाळी कंट्रोल रूममधून फोन जायचा, सूर्य चालला, इंजिन घ्या.

गोम अशी की, कचऱ्याच्या गाड्यांचा महिनाभर संप होता. टाकीत काडीही गेली नव्हती. तरी दिवेलागणीला वीज येतच होती. पूर्वीपेक्षा जास्तच येत होती.

टेस्टरला तिथं जायचं होतं ते वेगळ्याच कारणानं. त्याचा दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, त्या टाकीवर कामाला होता. पावसाळ्यात एक दिवस गेला तो परत आलाच नाही. मालकानं गावभर सांगितलं, कुणा बाईबरोबर पळाला. लोकांना काय, आयतं चघळायला मिळालं. शेजारणी तोंडावर विचारायच्या, "काही कळलं का गं?" आणि पाठ वळली की फिदीफिदी हसायच्या. ताई मात्र हटली नाही. "पळायचं असतं तर अंघोळ करून पळाला असता," म्हणायची. कारण दाजी रोज त्या घाणीनं बरबटून यायचा, पण तसल्या अवतारात उंबरा ओलांडायचा नाही. मागच्या दारी नळ आणि लाल साबणाची वडी. तिथं उभा राहून बादली वाजवायचा, टण, टण, टण, की ताई गरम पाणी घेऊन जायची. तो साबण तिनं तिथून हलू दिला नव्हता. उन्हानं तडकून त्याचा दगड झाला होता.

निघताना टेस्टर तिच्याकडे डोकावला. "ताई, प्लांटवर चाललोय. मालकाला विचारून येतो."

"विचारू नकोस," ताई म्हणाली. "तो काय खरं सांगणार, मेला! बघून ये."

प्लांटवर पोचेपर्यंत सूर्य कलला होता. फाटक सताड उघडं, वॉचमन नाही, कामगार नाहीत. आणि वास... काय सांगू. उंदीर मेल्याचा वास माहितीय ना? तो, वर आंबलेलं ताक, वर नासकी अंडी. नाक दाबलं तर जिभेवर येत होता. अन् असल्या ठिकाणी तो मालक टाकीला खुर्ची टेकवून उकडलेली अंडी खात बसलेला! बोटांना पिवळं लागलेलं, ते चाटत म्हणतो कसा, "या, या. घ्या एक. गरम आहेत." टेस्टरच्या डोक्यात तिडीक गेली.

त्यानं सगळं पालथं घातलं. डिझेलचा ड्रम नाही, पाइप नाही, वाससुद्धा नाही. पण टाकीवरचा गॅसचा रबरी फुगा टम्म फुगला होता. टेस्टरनं टाकीला हात लावला. कोमट. तापलेल्या माणसाच्या पाठीसारखी कोमट.

"आत काय टाकता?"

"काही नाही. जुनंच चालतंय अजून," मालक म्हणाला, आणि अंड्याचं टरफल टाकीवरच आपटून फोडलं.

सूर्य बुडाला. इंजिनाच्या खोलीतला फोन वाजला. खोलीत कुणी नव्हतं, दार उघडंच होतं, आरपार दिसत होतं. मालक जागचा हलला नाही. चावायचं मात्र थांबला. फोन वाजत राहिला... आणि थांबला. कुणी उचलल्यावर थांबतो तसा. मग इंजिन धडधडलं.

"ऑटोमॅटिक आहे," मालक म्हणाला.

टेस्टरनं आपल्या मोबाइलवरून कंट्रोल रूमला फोन लावला. तिथं नवा पोरगा होता. "आत्ता प्लांटवर फोन कुणी घेतला रे?"

"नेहमीचेच ते, काका. रोज एकच म्हणतात. देतो साहेब, पोटभर देतो."

हे दाजीचं वाक्य. तो होता तेव्हा संध्याकाळचा फोन तोच घ्यायचा. सगळं ऑफिस त्याची नक्कल करायचं.

टाकीच्या पोटाला एक जाड गोल काच असते, आतला फेस बघायला. काच आतून माखते, म्हणून बाहेर एक दांडा असतो. तो फिरवला की आतली पट्टी काच पुसते. टेस्टरनं टॉर्च लावला. काच काळी. त्यानं दांड्याकडे हात नेला. लावला नव्हता अजून. नुसता नेला होता.

काच पुसली गेली.

आतून. पट्टीनं नाही. वरून खाली, सावकाश. मागे पाच ओरखडे उरले. त्यामागे काळा, तेलकट, बुडबुडणारा लगदा... आणि त्यात काहीतरी पांढरट, सुजलेलं, काचेला टेकलं... आणि सरकलं.

टेस्टर तिथंच भडाभडा ओकला. तोंड न पुसताच मालकाकडे वळला.

"माझा दाजी कुठाय?"

"पळाला तो. मी तर..."

"कुठाय?"

मालकाच्या ओठावर पिवळ्याचा कण चिकटला होता, तो थरथरत होता. "झाकणापाशी अडकलेलं काढायला वाकला. गॅस लागला. गेला आत. मी काय करणार?"

"मग बाहेर का नाही काढलं त्याला?"

"टाकी रिकामी करावी लागली असती. महिनाभर इंजिन बंद. संध्याकाळची वीज मी कबूल केलेली, गाव अंधारात बसवू? आणि... तोवर तो गेलाच असणार ना?"

"असणार?" टेस्टरचा आवाज फाटला. "असणार म्हणजे?"

मालकानं टाकीकडे पाठ फिरवली.

"वाजवत होता का आतून?"

...

"वाजवत होता का रे!"

"थोडा वेळ," मालक म्हणाला. "मग झाकणाचे बोल्ट आवळले."

पोरांनो, त्या माणसाला हात लावायचीसुद्धा शिसारी आली, असं टेस्टर म्हणाला. मारावंसं वाटलं नाही. थुंकावंसंही वाटलं नाही. थुंकीच बाटली असती. त्याला दिसत होता तो गाव, समोर दिव्यांनी भरलेला. पावसाळ्यापासून त्या दिव्यांखाली सगळे जेवत होते. तो स्वतः जेवत होता. ताई जेवत होती. त्याच विजेच्या उजेडात ती दाजीची वाट बघत होती.

तो चालत गेला आणि लाइनीचा मोठा स्विच खाली ओढला.

खट्.

इंजिन मेलं. पलीकडे गाव विझला. घरामागून घर, दिवा उरला नाही.

शांतता.

मग टाकीत काहीतरी उलटलं. डब... डब. वर आलं. झाकणापाशी थांबलं.

टण.

टण.

टण.

मालकाची विजार ओली झाली. टेस्टरनं पोलिसांना फोन केला आणि त्यांची गाडी येईपर्यंत मालकाला फाटकाला धरून उभा केला. हवालदारांनी बोल्ट बघितले. आवळलेलेच. गंज चढलेला. सकाळी उपसू म्हणाले, आणि टाकीला सील ठोकलं.

कुणी दुसऱ्यानं ताईच्या कानावर घालण्याआधी आपण सांगावं, म्हणून टेस्टरनं सायकल हाणली. गाव अजून अंधारातच होता. काय सांगायचं? कसं सांगायचं? तुझा नवरा पळाला नाही, ताई... आणि पुढे?

ताई दारातच उभी होती. हातात पातेलं. पाण्याला वाफ होती.

"ताई..." टेस्टर म्हणाला.

"लाइट गेली आणि बादली वाजली," ती म्हणाली. "मागे. तीनदा. मी पाणी तापवून नेलं... कुणी नाही रे."

दोघं मागच्या दारी गेले. टेस्टरनं टॉर्च मारला. फरशी कोरडी. बादली कोरडी, उपडी. नळ घट्ट बंद.

आणि तो वास. तोच.

साबण ओला होता. त्यावर काळा, तेलकट गाळ, आणि गाळात चार बोटं ओढल्याच्या खुणा. टेस्टरनं नाक दाबलं, मागे सरकला. सख्ख्या दाजीची किळस आली त्याला, आणि त्या किळसेची लाज आयुष्यभर गेली नाही.

ताई सरकली नाही. तिनं पातेलं खाली ठेवलं, खाली बसली, ती वडी दोन्ही हातांत घेतली. गाळ तिच्या बोटांतून मनगटावर आला. मग तिनं ती टेस्टरपुढे धरली.

"हात लावून बघ," म्हणाली.

त्यानं लावला.

साबण कोमट होता.