ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशीची रेघ

वलयदर्शकाच्या पडद्यावर मैथिली शिंत्रेचा दुधाचा दात भिंतीएवढा होऊन उभा होता. पडलेला दात कौलावर भिरकावून द्यायचा, ही आजऱ्याकडच्या तिच्या घरातली रीत. हा मात्र न्यायाधिकरणाने मागितला म्हणून कुंकवाच्या डबीत बसून कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत आला होता. डॉ. वैजयंती मोघे सकाळपासून त्याचे पापुद्रे मोजत होत्या आणि कपाळावरची आठी काही जात नव्हती.

प्रयोगशाळेत नव्याने आलेले प्रकाशशास्त्रज्ञ इमरान मुजावर शेजारी खुर्ची ओढून बसले. यंत्र त्यांनीच जुळवलं होतं, पण त्यात दिसतं ते नेमकं काय, हे त्यांना अजून समजून घ्यायचं होतं.

"आईने एक दिवस जेवण सोडलं, तर ते मुलीच्या दातात कसं उमटेल?" त्यांनी विचारलं.

"दुधाच्या दाताचं कवच आईच्या पोटातच तयार व्हायला लागतं," वैजयंती म्हणाल्या. "रोज एक पापुद्रा चढतो. आईला ताप आला, कडक उपास घडला की त्या दिवसाचा पापुद्रा विरळ बसतो आणि रेघ दिसते. बाळाला मोठी इजा झाली तर रेघ खोल जाते. ही जाड दिसते ना, ती जन्मरेषा. तिथून आत मोजत गेलं की कुठल्या दिवशी काय झालं ते कळतं."

"आणि ही खोल रेघ?"

"हाच तर सगळा वाद आहे."

वाद एका दिवसाचा होता. आठव्या महिन्यात मैथिलीच्या आईला, हेमांगीला, बुधवारी घरी चक्कर आली. गुरुवारी दवाखान्यात रक्तदाब वाढलेला निघाला आणि तो उतरवायचं औषध टोचलं गेलं. बेताने दिलं तर हे औषध आई-बाळ दोघांना तारतं. जास्त झालं तर दाब कोसळतो आणि बाळाला रक्त पुरत नाही. पुढे मैथिली जन्मली ती उजवा हात नि पाय आखडलेला घेऊन. औषध जास्त गेल्याचं दवाखान्याने कबूल केलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की इजा आदल्या दिवशी घरीच झालेली होती. जन्मइजा न्यायाधिकरणात कोणाचा दोष हे शोधत बसत नाहीत. इजा औषधानंतरची ठरली की मुलीचे उपचार आणि शिक्षण जन्मभर दवाखान्याच्या विम्याकडे. बुधवार ठरला तर आजऱ्याच्या त्या घराला आपलं आपणच बघावं लागणार होतं.

दात म्हणत होता गुरुवार. पण दवाखान्याचे वकील रणदिवे काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. मोजणी बरोबर असेल तर माहीत असलेला एखादा दिवस दाखवा, म्हणाले. दिवस सापडलाही. त्याआधीच्या पंधरवड्यात सूर्यग्रहण होतं, आणि सुनेने त्या दिवशी पाण्याचा थेंबही घेतला नव्हता, असं हेमांगीच्या सासूबाई गोदाक्का साक्षीत ठासून सांगून गेल्या होत्या. उपासाची रेघ दातात होतीही, पण ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे मोजणी एक दिवस पुढे धावते, आणि तुमचा गुरुवार हा खरा बुधवार, असं म्हणून रणदिवे समाधानाने बसले होते.

"एका दिवसाने काय बिघडतं, असं इतर कुठे म्हटलं असतं मी," मुजावर हळूच म्हणाले.

"तीनदा मोजलं. दाताच्या दोन्ही अंगांनी मोजलं." वैजयंतींनी ग्रहणाचा पापुद्रा मोठा केला. तो गुळगुळीत होता, कुठे ओरखडा नाही. "दात बरोबर असेल, तर चूक आपण ऐकलं त्यात आहे."

मुजावर त्यांच्याकडे वळले. "तुम्ही सुनावणीत हे बोलणार?"

बोलावं लागणारच होतं. घरच्यांना आधी गाठून विचारायची तज्ज्ञांना मनाई होती. वैजयंतींना मनापासून वाईट वाटत होतं. भर सभेत, सासूसमोर, एका बाईची झाकली मूठ उघडायची म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

सुनावणीत त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. मोजणी बरोबर आहे, ग्रहणाच्या दिवशी मैथिलीची आई जेवली होती आणि दुसऱ्या दिवशी उपाशी होती, एवढंच सांगितलं.

"म्हणजे गोदाक्का खोटं बोलल्या म्हणायचं?" रणदिव्यांनी गोड आवाजात विचारलं.

"त्यांना माहीत नसेल."

मागच्या बाकावर मैथिली डाव्या हाताने चित्र काढत होती. तिच्या शेजारून हेमांगी उठली. पदराचं टोक तिच्या मुठीत होतं.

"मॅडम खरं बोलत्यात," ती म्हणाली. "भूक सोसंना झाली. काकडी चिरली अन् भाकरीसंगं खाल्ली. गरवारशी बाईनं गिराणात काय चिरू नये म्हंत्यात. मग भ्या वाटलं, म्हणून दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता बिनपाण्याची ऱ्हायले. पर देवानं माफ केलं न्हाई. ज्या हातानं चिरली, लेकीचा त्योच हात धरला."

तिला रडू फुटलं. अध्यक्षांनी पाणी द्यायला सांगितलं. पण त्याआधीच गोदाक्का उठून उभ्या राहिल्या होत्या.

"अगं येडे, ती भाकरी चुलीमागं झाकून ठिवली कुणी?"

हेमांगी सासूकडे वळली. "वर तुळशीचं पान हुतं. मला वाटलं, रातच्यासाठी ठिवलीया."

"तुझ्यासाठी ठिवली हुती. पोटुशी पोर दिवसभर उपाशी ठिवायला मी काय वैरीण हाय? पर आळीला तोंडं कमी हैत का? म्हणून सगळ्यास्नी सांगत सुटले, सुनंनं लई कडक पाळलं म्हणून. हितं बी तेच तोंडातनं गेलं." मग त्या अध्यक्षांकडे वळल्या. "साहेब, चुकलं माझं. दात खरा हाय."

अध्यक्षांनी त्यांना चार शब्द सुनावले, पण ते सुनावताना त्यांचाच आवाज मऊ पडला. रणदिव्यांनी कागद चाळले, पुन्हा चाळले. जाणूनबुजून लपवलेला उपास मोजणीला आधीच सापडला होता आणि आता खुद्द हेमांगी त्याची ग्वाही देत होती, गोदाक्कांनी आपली साक्ष मागे घेतली होती. दुपारच्या आत गुरुवार कायम झाला. मैथिलीचे उपचार पुढच्या महिन्यापासून सुरू करावेत, असा आदेश निघाला.

बाहेर व्हरांड्यात गोदाक्का सुनेला अजून रागावतच होत्या. दुसऱ्या दिवशी उपाशी राहिलीस ते मला सांगायचं नाहीस होय, हेच पुन्हा पुन्हा. बोलता बोलता सुनेचे डोळे मात्र त्याच पुसत होत्या. वैजयंती जवळून निघाल्या तशी हेमांगीने त्यांना अडवलं.

"मॅडम, त्या उपासानं पोरीला काय झालं न्हवं ना?"

"काही नाही. बारीक रेघ आहे, दुसऱ्या दिवशी भरून आलेली. तीच नसती तर आज आपण हरलो असतो."

हेमांगीने मान हलवली. खरं विचारायचं होतं ते अजून राहिलंच होतं.

"आन काकडी चिरली त्या दिवशी?"

वैजयंतींनी पिशवीतून दाताचं चित्र असलेला छोटा पडदा काढून तिच्यासमोर धरला आणि त्या गुळगुळीत पापुद्र्यावर बोट ठेवलं.

"हा तो दिवस. त्या दिवशी पोट भरलेलं होतं तुमच्या लेकीचं."

हेमांगीने त्या पापुद्र्यावरून बोट फिरवलं. मग तिने मैथिलीला हाक मारली आणि तिचा उजवा हात आपल्या उजव्या हातात घेतला.