अकरावा खट्

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बसलाच कुणाचा, तर त्याने माझ्या घरी यावं. त्याला मी याहून मोठ्या चार गोष्टी बसल्या बैठकीला ऐकवीन.

त्या दुपारी घरातलं नेट गेलं होतं. नात फोन छताकडे धरून खोलीभर फिरत होती, जणू वरून काही गळणार होतं. सूनबाई तिला हसत होती. आणि आमची ही खिडकीपाशी, आमच्याकडे पाठ करून, मटार सोलत होती. दाणे भांड्यात पडत होते... टप्, टप्.

“बस खाली,” मी नातीला म्हणालो. “एका तारवाल्याची गोष्ट सांगतो. प्रेमाची आहे.”

“खरी?”

“शंभर टक्के. वर वीस टक्के माझ्याकडून.”

तर, एक नकाशांची कचेरी होती. खोली एकच, पण लांबलचक. या टोकाला शिंक आली तर त्या टोकाला जेवणाच्या सुट्टीत ऐकू यायची. अकरा टेबलं, अकरा कॉम्प्युटर. तिथे माणसांना टेबलाच्या नंबरानेच हाक मारायचे. चार नंबर जेवण झालं की घोरायचे. सात नंबर त्यांच्यावर चिडायच्या. आणि सगळ्यात शेवटी, भिंतीला खेटून, अकरा नंबर. ती नद्या काढायची. इतक्या हुबेहूब, की तिच्या टेबलाखालची फरशी ओली व्हायची.

“आजोबा!”

“रोज दोनदा पुसावी लागायची. विचार कुणालाही.”

एका मंगळवारी अकराही कॉम्प्युटर एकदम मुके झाले आणि तारवाल्याला बोलावणं गेलं. हा तारवाला तारांशी खूप बोलायचा, माणसांशी अजिबात नाही. वयात आलेला, हातात पक्कड, खिशात स्क्रू... आणि बाईमाणसाने विचारलं की जीभ टाळ्याला.

भिंतीकडेने एकच काळी केबल गेली होती, एक नंबरपासून अकरा नंबरपर्यंत. सगळे कॉम्प्युटर तिलाच लटकलेले. तारवाला केबल चाचपत, रांगत रांगत, एकेका टेबलाखालून निघाला. चार नंबरच्या चपला ओलांडल्या, सात नंबरची डबापिशवी सांडली, आणि शेवटच्या टेबलाखालून डोकं वर काढलं, तर समोर दोन डोळे. शाईसारखे काळे. त्यात हसू अगदी काठोकाठ.

“सापडलं का काही?” तिने विचारलं.

“टोपण...” तो म्हणाला. “टोपण नाहीये.”

“कुणाच्या डोक्यावरचं?”

त्याचे कान लाल झाले. पण विषय तारेचा होता, म्हणून जीभ सुटली. “या केबलवर कुणीही बोललं तरी ते सगळ्यांना ऐकू जातं. ज्याच्या नावाचा निरोप, तो घेतो... बाकीचे सोडून देतात. दोन्ही टोकांना अंगठ्याच्या पेराएवढं एकेक टोपण असतं. निरोप तिथे पोचला की टोपण त्याला गिळतं. टोपण नसलं तर तो टोकावर आपटतो, उलटा फिरतो, मागून येणाऱ्यांना धडकतो... मग कुणाचंच कुणाला कळत नाही.”

ती थक्क होऊन ऐकत राहिली. त्याने पिशवीतून नवं टोपण काढलं, टोकाला बसवून पिळलं. आणि एक, दोन, तीन करत अकराही जण बोलते झाले. चार नंबर दचकून जागे झाले.

“एवढ्याशा टोपणावर अकरा माणसं?” ती हळूच म्हणाली.

“हो... मलासुद्धा दर वेळी नवल वाटतं.”

खरंच वाटायचं. इतकी वर्षं तारा जोडूनही, मुकी खोली बोलायला लागली की त्याच्या अंगावर काटा यायचा. आणि त्या दिवशी पहिल्यांदा, तसाच काटा दुसऱ्या कुणाच्या हातावर त्याने पाहिला.

पुढच्या मंगळवारी टोपण पुन्हा गायब!

तिसऱ्या मंगळवारी तो टेबलाखालून वर येत होता, तेव्हा तिची पेन्सिलींची पेटी उघडी होती. खोडरबरांच्या मधे दोन टोपणं, एकमेकांना टेकून बसलेली. तिसरं तिच्या मुठीत असावं. त्याने पाहिलं. त्याने पाहिलंय, हे तिने पाहिलं. त्याने गुपचूप चौथं टोपण काढलं.

इथे मटारांची टपटप जरा थांबली. मी घसा खाकरला. पुन्हा सुरू झाली.

“फक्त अशीच जोडतात का हो?” तिने विचारलं. “एका तारेवर सगळे लटकलेले?”

त्याने एका रद्दी नकाशाच्या पाठीवर पेन्सिलीने अकरा ठिपके काढले. गोल करून दाखवला, निरोप प्रत्येकाने शेजाऱ्याला द्यायचा, फिरत फिरत पोचतो. मग चांदणी काढली: मधे एक डबा, प्रत्येकाची त्याच्यापर्यंत आपली वेगळी तार.

“आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी थेट बोलायचं असेल तर?”

तो रेघा मारत गेला. कागदावर कोळ्याचं जाळं झालं. “अकरा जणांना पंचावन्न तारा.”

“अबब! आणि... दोघंच असतील तर?”

त्याची पेन्सिल थांबली. “दोघांना... एक पुरते.”

ती खाली बघून हसली. नदीला तिने त्या दिवशी एक वळण उगाच जास्त काढलं. ती नदी अजून तशीच वाहते, जाऊन बघा.

पण साहेब कंटाळले. दर मंगळवारी अकरा माणसं हातावर हात धरून बसलेली त्यांना कशी चालणार? “ही केबल काढा,” ते तारवाल्याला म्हणाले. “ती चांदणी की काय, ती बसवा. एकदाची कटकट मिटू दे. तुम्हालाही पुन्हा पुन्हा यायला नको.”

झालं! तिने स्वतःच्याच हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. त्यात तारवाल्याला बंदराच्या गावचं दोन वर्षांचं काम मिळालं, सोमवारी निघायचं होतं. म्हणजे चांदणी झाली की संपलं. आणि मनातलं सांगावं, तर त्याच्याकडे शब्द फक्त तारेचे.

तरी काम त्याने चोख केलं. खोलीच्या मधोमध डबा बसवला, अकरा तारा ओढल्या. त्या तारेच्या टोकाला चिमुकली खुंटी असते. ती खाचेत गेली की ‘खट्’ आवाज येतो. खट् आला की समजायचं, बसली. डब्यावर त्या टेबलाचा हिरवा दिवा लागतो. नुसती टेकवली तरी लागतो, पण मग तार केव्हाही गळून पडते.

शुक्रवारी दुपारी तो जोडत निघाला. एक नंबर... खट्. दोन... खट्. दिवे लागत गेले, लोक माना उंचावून बघत राहिले. सात नंबर म्हणाल्या, “अगं बाई, काजवेच जणू!” घोरणारे चार नंबरसुद्धा उठून उभे राहिले. खोलीत अशी शांतता, की दहावा खट् रस्त्यावरच्या माणसानेही थांबून ऐकला.

“आजोबा, रस्त्यावरच्या?”

“खिडकी उघडी होती.”

मग अकरावं टेबल. ती मान खाली घालून बसलेली. खट्. अकरावा दिवा लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“आता काय बिघडणार?” तिने विचारलं. आवाज इतका बारीक, की टाळ्यांत बुडाला. त्याला मात्र ऐकू आला.

“फारसं काही नाही... एखाद्याची तार निघाली तर तेवढं एकच टेबल बंद पडेल. बाकीचे चालू.”

“फक्त तेवढंच?”

“फक्त तेवढंच. बाकी कुणाला पत्ताही लागणार नाही.”

तो पिशवी उचलून वळला. दारापर्यंत बावीस पावलं होती. सोमवार समोर दिसत होता. पाचव्या पावलाला त्याने डब्याकडे पाहिलं, आणि अकरावा दिवा विझला.

तो मागे वळला. आणि काय सांगू तुम्हाला! त्या धीट पोरीने, अख्ख्या कचेरीसमोर, स्वतःच्या हाताने स्वतःची तार ओढून काढली होती. ती हातात धरून, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून ती म्हणाली, “माझं एकटीचंच बंद पडलंय. आता तुम्हाला कुठे जाता येणार ना—”

“खोटं!”

मटारांचं भांडं खाली आदळलं. आमची ही गर्रकन वळून समोर उभी. कान लालबुंद, डोळे तेच... शाईसारखे.

“अहो, साफ खोटं! टोपणं मी काढली, पहिलं नुसता चाळा म्हणून, पण तिन्ही काढली, कबूल. पण तार मी ओढली नव्हती. ती आपली आपण गळून माझ्या पायावर पडली. मी मान खाली घालून खट् मोजत होते, शेवटचा कधी होतो म्हणून जीव मुठीत धरून मोजत होते. दहा झाले. अकरावा झालाच नव्हता!”