फीत बांधलेली झुडपं

"अहो, थांबा... काय केलंत हे!"

तिने गवत कापायचं यंत्र बंद केलं. समोर एक उंच, किडकिडीत तरुण, गळ्यात दुर्बीण, चेहरा पांढराफटक. बागखात्यात तिच्या कामाला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती, आणि हा कोण टिकोजीराव?

"लाल फीत बांधलेली झुडपं कापली. आमच्याकडे फीत म्हणजे कापा."

"आमच्याकडे फीत म्हणजे हात लावू नका!" तो मटकन खालीच बसला.

झुडपं खुळखुळ्याची, वाळल्या शेंगा वाजणारी. दूरदेशी निघालेली फुलपाखरं दरवर्षी इथे उतरत, रस पिऊन पुढे जात, आणि त्यांचा अभ्यास करणारा हा त्यांच्या मागोमाग फिरे. उद्या सकाळी मोठे साहेब येणार होते. फुलपाखरं दिसली तर जागा राखीव, नाहीतर पार्किंग!

"पुन्हा लावू या?" तिने चाचरत विचारलं.

"एका रात्रीत?" तो हसला खरा, पण डोळे भरले होते. एवढं मन लावून काम करणारा माणूस, आणि त्याचं सगळं आपल्याच हातून मातीत जावं!

दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही ती आली. चूक माझी, हे साहेबांना तोंडावर सांगायचंच होतं. पाहते तर काय... तिने कापून टाकलेल्या, उन्हाने सुकलेल्या त्याच झुडपांवर निळ्याकाळ्या पंखांची नुसती झुंबड! साहेब आ वासून उभे.

"राहू दे ही जागा," ते एवढंच म्हणाले आणि फोटो काढत सुटले.

"सुकलेला खुळखुळा नरांना फार आवडतो," तो तिच्या कानाशी कुजबुजला. "काल रागात माझं डोकंच चालेना. त्या रसापासून ते सुगंध बनवतात."

"कशाला?"

"मादीला... पटवायला." त्याचे कान लाल झाले.

"आणि तुम्ही काय लावून आलात?"

"मी... आंघोळ करून आलोय."

ती खळखळून हसली. मग हसू ओसरलं. "ही फुलपाखरं गेली की तुम्हीही त्यांच्यामागे जाणार ना?"

"जावं लागेल." तो तिच्याकडे बघतच राहिला. "गेलेली फुलपाखरं परतत नाहीत हो, त्यांची मुलं येतात. पण मी येईन. तुमच्यासाठी... मी स्वतः येईन."

"मुलांचं नंतर बघू, आधी तुम्ही या!" ती बोलून गेली, आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.